मेडोज टेलर : बुलढाण्याचा अधिकारी आणि ऐतिहासिक कादंबरीकाराची जडणघडण

मराठी कादंबरीच्या प्रारंभकाळाचा आढावा घेताना फिलिप मेडोज टेलर याचे नाव बहुधा एखाद्या ओळीपुरते येते. हरि नारायण आपटे यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ (१८९०-९१) ही कादंबरी टेलरच्या ‘टिपू सुलतान’च्या आधारे लिहावयास घेतली व ती अपुरी राहिली, एवढी नोंद करून अभ्यासक स्कॉट आणि रेनॉल्ड्स यांच्याकडे वळतात. परकीय प्रभावांच्या यादीतील एक नाव, यापलीकडे टेलरला स्थान मिळत नाही. वस्तुतः १८२४ ते १८६० या काळात, एक दीर्घ रजा वगळता, हा लेखक सलगपणे निजामाच्या मुलखात राहिला. तुळजापूर, नळदुर्ग आणि बुलढाणा ही त्याची मराठी भाषक प्रदेशातील कार्यस्थाने होत. शिवकाल हा विषय घेऊन त्याने लिहिलेली ‘तारा’ ही इंग्रजी कादंबरी १८६३ साली, म्हणजे गुंजीकरांच्या ‘मोचनगड’च्या आठ वर्षे आधी, प्रसिद्ध झाली. हा माणूस ऐतिहासिक अद्भुतरम्य कादंबरीकडे कसा वळला, हा प्रश्न म्हणूनच मराठीच्या अभ्यासकालाही जवळचा आहे.

टेलरच्या वाङ्मयीन जीवनात एक लक्षणीय खंड दिसतो. १८३९ आणि १८४० या लागोपाठच्या वर्षी त्याच्या दोन कादंबऱ्या प्रकाशित झाल्या. त्यानंतर तेवीस वर्षे त्याची एकही कादंबरी निघाली नाही. १८६३ पासून मात्र ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिका सुरू झाली, ती त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकापर्यंत चालली. चरित्रकार या खंडाकडे कामाच्या व्यापामुळे आलेला अडथळा म्हणून पाहतात. परंतु आधीच्या आणि नंतरच्या कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या, तर याच काळात त्याच्यातील ऐतिहासिक कादंबरीकार घडत गेला असे म्हणावे लागते. त्या घडणीचा अखेरचा आणि निर्णायक टप्पा बुलढाणा जिल्ह्यात पडतो.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी होते. पण घरची स्थिती खालावल्यामुळे मुलाचे शिक्षण लवकर संपले. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ साली, त्याला मुंबईतील एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीत कारकून म्हणून धाडण्यात आले. पुढे पेढीत भागीदारी मिळेल अशी आशा होती. मुंबईत पोहोचल्यावर पेढीच डबघाईला आल्याचे दिसून आले. मुंबई सरकारच्या सेवेत उच्च पदावर असलेल्या न्यूनहॅम या नातेवाइकाने खटपट करून त्याला निजामाच्या कंटिंजंट फौजेत अधिकारपद मिळवून दिले आणि हा पोरसवदा अधिकारी औरंगाबादेस रुजू झाला.

या नेमणुकीचे स्वरूप नीट ध्यानात घेणे आवश्यक आहे. कंटिंजंटचे अधिकारी इंग्रज असले तरी ते कंपनीचे सनदी नोकर नव्हते. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मिळणारी बढती, निवृत्तिवेतन आणि प्रतिष्ठा यांत त्यांना बरोबरीचा वाटा नव्हता. विद्यापीठाची पदवी नाही, इंग्लंडात वजनदार पाठीराखा नाही, अशा तरुणाला पुढे येण्यास एकच मार्ग मोकळा होता : ज्या मुलखात राहायचे त्या मुलखाची भाषा आणि रीतभात इतरांपेक्षा अधिक जाणणे. टेलरने हिंदुस्थानी आणि फार्सी आत्मसात केली, मराठीचे ज्ञान मिळविले, आणि लष्करी न्यायालयात दुभाषी म्हणून काम केले. भूमापन, बांधकाम, भूगर्भशास्त्र, पुराणवस्तू यांचा अभ्यासही त्याने पुढे स्वतःच्या प्रयत्नानेच केला. १८३२ साली त्याने मेरी पामर हिच्याशी विवाह केला. तिचे वडील विल्यम पामर हे हैदराबादचे प्रसिद्ध सावकार होते. त्यांचा जन्म इंग्रज सेनाधिकारी पिता आणि फैज बक्ष बेगम ही माता यांच्या पोटी झाला होता. दोन समाजांच्या सीमारेषेवरील जीवन टेलरला अशा रीतीने घरातूनच परिचित झाले.

विशी ओलांडण्याच्या सुमारासच टेलरकडे पोलिसखात्याचे काम आले आणि तुळजापूर परिसराशी त्याचा संबंध जडला. भवानीचे देवस्थान, तेथील पुजारी व मुरळ्या, यात्रेकरूंची वर्दळ आणि अफझलखानाने देवालयाला उपद्रव दिल्याची लोकस्मृती ही सामग्री त्याला येथे मिळाली. तिचा उपयोग होण्यास मात्र तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. तत्काळ उपयोगी पडली ती दुसरीच सामग्री. मार्गांवर होणाऱ्या गूढ खुनांचा माग काढण्याचा त्याचा प्रयत्न फौजेत परत बोलावल्यामुळे अर्धवट राहिला. पुढे स्लीमनच्या मोहिमेने ठगांच्या टोळ्या उघडकीस आल्या, तेव्हा माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या टेलरला प्रत्यक्ष ऐकावयास मिळाल्या. त्यांतून ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी तयार झाली. इंग्लंडातील रजेच्या काळात, १८३९ मध्ये, ती तीन खंडांत निघाली. व्हिक्टोरिया राणीने छपाई चालू असतानाच तिची मुद्रिते मागवून वाचल्याचे प्रसिद्ध आहे.

या पहिल्या कादंबरीची घडण उघडपणे जबानीची आहे. अमीर अली हा ठग एका साहेबापुढे आपले आयुष्य सांगतो. साहेब जवळजवळ काहीच बोलत नाही. कथनाचा हा साचा कचेरीतून आलेला असला तरी त्याचा वाङ्मयीन परिणाम मोठा आहे. गुन्हेगाराचा आवाज पुस्तकभर एकटाच घुमत राहतो आणि त्याच्या प्रेमात, पुत्रवात्सल्यात व मित्रनिष्ठेत वाचक गुंतत जातो. एतद्देशीय माणसाला त्याच्याच भाषेच्या वळणाने बोलू देण्याची सवय टेलरला येथे लागली. मात्र या कादंबरीला इतिहासाची खोली नाही. तिचा काळ लेखकाच्या निकटचा आहे. दुसऱ्या वर्षी आलेल्या ‘टिपू सुलतान’मध्ये इतिहास आहे; परंतु तो युद्धाचा इतिहास आहे, आणि इंग्रज नायकाचे प्रेम व बंदिवास यांना त्यात बरेच स्थान आहे. समाजाची रचना, जमिनीचे हक्क, घराण्यांचे मानपान यांचे ज्ञान या कादंबरीमागे दिसत नाही. ते ज्ञान टेलरला अद्याप मिळावयाचे होते.

१८४१ मध्ये रजेवरून परतल्यावर त्याची नेमणूक शोरापूर (सुरपूर) या बेडर नायकांच्या संस्थानात झाली. राजा व्यंकटप्पा नायक अज्ञान होता. १८५३ पर्यंत त्या संस्थानाचा कारभार प्रत्यक्षात टेलरच्या हाती राहिला. वसुलीची घडी बसविणे, तलाव बांधणे, भांडखोर सरदारांना आवरणे आणि बालराजाच्या शिक्षणावर देखरेख ठेवणे ही त्याची रोजची कामे होती. राजा त्याला अप्पा म्हणून हाक मारीत असे. पत्नीचे निधन याच काळातले, १८४४ चे. लंडनच्या ‘टाइम्स’साठी तो वार्तापत्रे पाठवीत असे, कादंबरीलेखन मात्र थांबले होते.

१८५३ चा तह टेलरच्या आयुष्यात महत्त्वाचा ठरला. कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गकडील प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. त्यांपैकी नळदुर्गकडील जिल्हा टेलरकडे आला. तुळजापूर याच प्रदेशात असल्यामुळे तरुणपणी पाहिलेला मुलूख आता त्याला वेगळ्या नात्याने पाहावा लागला. पोलिस अधिकाऱ्याला गुन्हा दिसतो, तर जमाबंदी करणाऱ्याला कुळे, वतने आणि इनामे दिसतात. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी यांचे हक्क ठरविताना आदिलशाही, निजामशाही, मोगल आणि पेशवे या सर्वांच्या सनदा पुढे येतात. सतराव्या शतकातील एखादे दानपत्र एकोणिसाव्या शतकातील शेताच्या बांधावरचा तंटा सोडविते. इतिहास अजून गावोगाव चालू आहे, कोणाच्या तरी दफ्तरात जपलेला आणि कोणाच्या तरी मानात धुमसत असलेला आहे, ही जाणीव अशा कामातून येते. ‘टिपू सुलतान’ आणि ‘तारा’ यांच्यातील अंतराचे एक कारण येथे सापडते.

१८५७ च्या उन्हाळ्यात उत्तरेत उठाव झाला. जूनमध्ये औरंगाबादेस कंटिंजंटच्याच घोडदळात बंडाळी झाली. १७ जुलैला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर तुर्रेबाजखान व मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हल्ला झाला. अशा वेळी रेसिडेंट डेव्हिडसन याने टेलरला उत्तर वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर नेमले. तातडीने जाऊन जिल्हा कसाबसा धरून ठेवावा, सैन्य देता येणार नाही, अशा आशयाचा तो आदेश होता.

बुलढाण्याचे महत्त्व त्याच्या भूगोलात होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने हा मुलूख दोन भागांत विभागला आहे. वर चिखली, मेहकर, सिंदखेड यांचा बालाघाट. खाली मलकापूर, खामगाव, शेगाव यांचा पूर्णेच्या खोऱ्यातील पायनघाट. पश्चिमेस खानदेश, उत्तरेस बुऱ्हाणपूर आणि त्यापलीकडे नर्मदेचा मार्ग. उत्तरेतील उठावाची ठिणगी दक्षिणेत उतरायची झाली तर ती याच वाटेने येणार होती. टेलरने जिल्हा शांत राखला, आणि तोही हाताशी फौज नसताना. यामागे गावच्या वतनदारांशी व रयतेशी थेट बोलण्याची त्याची तीस वर्षांची सवय होती, हे मान्य करावे लागते. अर्थात शांततेचे सर्व श्रेय एका अधिकाऱ्याच्या नैतिक वजनाला देण्याची वसाहतकालीन चरित्रकारांची रीत जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही. हैदराबादचे दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले आणि दख्खनचा मोठा भाग उठावापासून अलिप्त राहिला, या वस्तुस्थितीचा लाभ बुलढाण्यालाही झाला.

ज्या जिल्ह्यात टेलर येऊन पडला होता, त्याच्या मातीत दख्खनच्या इतिहासाचे थर एकावर एक साचलेले होते. सिंदखेडराजा हे लखुजी जाधवांचे ठाणे आणि जिजाबाईंचे माहेर. रोहिणखेडला निजामशाहीच्या गादीसाठी लढाई झाली होती. साखरखेर्डा येथे १७२४ साली निजाम-उल्-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. म्हणजे ज्या राज्याच्या सेवेत टेलरचे आयुष्य गेले, ते राज्यच या जिल्ह्यात उदयास आले होते. मराठ्यांचा उदय, निजामशाहीचा अस्त, आसफजाहीची स्थापना आणि आता कंपनीच्या सत्तेची कसोटी, हे सारे एकाच प्रशासकीय सीमेत येत होते. शंभर वर्षांनी सत्ता पालटते, प्लासीनंतर शंभर वर्षांनी कंपनीचे राज्य बुडणार, अशी भाकिते त्या वर्षी सर्वत्र पसरली होती. १६५७, १७५७ आणि १८५७ अशी तीन शतकांची तीन टोके धरून कादंबरीत्रयी रचण्याची टेलरची कल्पना या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. शिवकालीन कथानक त्याच्या मनात पूर्वीपासून होते. त्याला त्रयीची चौकट मिळाली ती १८५७ मुळे. त्या वर्षाचा अनुभव त्याने बुलढाण्यात घेतला.

याच अनुभवाची दुसरी बाजू शोकात्म आहे. फौजेविना धरून ठेवलेला बुलढाणा शांत राहिला. पण ज्या शोरापुरात टेलरने बारा वर्षे घालविली, ते १८५८ च्या फेब्रुवारीत उठले. तरुण राजा पकडला गेला. टेलरला पुन्हा शोरापुरी धाडण्यात आले. ज्या मुलाला लहानाचे मोठे केले, त्याच्या देहान्त शिक्षेचा प्रश्न त्याच्या समोर आला. शिक्षा सौम्य व्हावी म्हणून त्याने शब्द टाकला आणि ती अखेर चार वर्षांच्या कैदेवर आली. परंतु कैदेच्या ठिकाणी नेले जात असताना वाटेतच पिस्तुलाच्या गोळीने राजाचा अंत झाला. माया आणि सत्ता एकाच हातात असली म्हणजे त्या मायेला काय मोल उरते, हा प्रश्न टेलरच्या आयुष्याने असा उभा केला. त्याच्या उत्तरकालीन कादंबऱ्यांत स्वामिनिष्ठा, विश्वासघात आणि परधर्मीयांमधील प्रेम हे विषय पुनःपुन्हा येतात, त्यामागे हा अनुभव असावा.

प्रकृती ढासळल्यामुळे १८६० मध्ये टेलरने हिंदुस्थान सोडला. त्याच वर्षीच्या तहाने रायचूर आणि धाराशिवकडील प्रदेश निजामाला परत मिळाले, शोरापूरही निजामाकडे गेले. वऱ्हाड तेवढे इंग्रजांकडे राहिले. टेलर डब्लिनजवळ स्थायिक झाला आणि लेखन पुन्हा सुरू झाले. ‘तारा’ (१८६३), प्लासीच्या काळावरील ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि उठावावरील ‘सीता’ (१८७२) ही त्रयी पूर्ण झाली. १८७० मध्ये त्याने हिंदुस्थानच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तकही लिहिले. चांदबिबीवरील ‘अ नोबल क्वीन’ (१८७८) आणि कन्येने संपादित केलेले आत्मचरित्र (१८७७) ही दोन्ही मरणोत्तर प्रसिद्ध झाली. सालारजंगांच्या निमंत्रणावरून तो १८७५ मध्ये पुन्हा हैदराबादेस आला. दृष्टी अधू झाली होती. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मांतों येथे १३ मे १८७६ रोजी त्याचे निधन झाले.

त्रयीतील सर्वांत सरस कृती ‘तारा’ होय. तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची बालविधवा कन्या तारा भवानीची सेवा पत्करते. मोरो त्रिमल या कपटी ब्राह्मणाची तिच्यावर वाईट नजर आहे, आणि अफझलखानाचा पुत्र फाजल तिच्यावर प्रेम करतो. वाईला ती सती जाण्यास निघते तेव्हा फाजल तिला वाचवितो. कथानकाचा सांगाडा अद्भुतरम्य आहे, यात शंका नाही. योगायोग, अपहरणे, वेषांतरे यांची रेलचेल आहे. इतिहासालाही सोयीप्रमाणे वाकविले आहे. अफझलखानाचा वध १६५९ मधला. शतकांची जुळणी साधावी म्हणून कादंबरीचा काळ १६५७ धरला आहे. मात्र या सांगाड्यात भरलेले जीवन पुस्तकी नाही. देवळातील नित्यक्रम, शास्त्र्याच्या घरातील वावर, विजापूरच्या सरदाराच्या जनान्यातील मत्सर आणि जिव्हाळा, लुटारू नाईकांच्या गढ्या यांचे चित्रण स्थिर हाताने केलेले आहे. संपूर्ण कादंबरीत एकही युरोपीय पात्र नाही. ‘टिपू सुलतान’मध्ये इंग्रज नायकाची गरज भासलेल्या लेखकाने तेवीस वर्षांनंतर त्याच्यावाचून तीन खंडांची कथा पेलली, हे त्या मधल्या वर्षांचे फळ होय.

‘सीता’त उलट प्रकार आहे. नायक सिरिल ब्रँडन हा इंग्रज मुलकी अधिकारी, आणि नायिका सोनाराच्या घरातील विधवा. दोघांचा विवाह होतो. पण दोन्ही समाज तो मनापासून स्वीकारत नाहीत. उठावाच्या धामधुमीत सीतेचा मृत्यू होतो. एकाकी अधिकारी आणि अफवांनी अस्वस्थ झालेला मुलूख यांच्या चित्रणात बुलढाण्याच्या दिवसांचे पडसाद दिसतात. तथापि नायिकेला मरण देऊन लेखकाने मिश्रविवाहाचा प्रश्न सोडविण्याऐवजी टाळला, हा आक्षेप योग्यच आहे. पामर घराण्याचा जावई असलेल्या टेलरलाही इंग्रज वाचकाची मर्यादा ओलांडता आली नाही.

मराठीच्या दृष्टीने येथे एक कालसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. टेलर बुलढाण्यात होता त्याच १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. हिंदू विधवेचे दुःख हा तिचा विषय. टेलरच्या त्रयीतील दोन नायिकाही विधवाच आहेत. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्या अद्भुताच्या प्रदेशात रमल्या असताना अद्भुत, इतिहास आणि विधवेचा प्रश्न यांची सांगड टेलरने एकाच कृतीत घातली होती. मराठीत ही सांगड बऱ्याच उशिरा आली. ‘मोचनगड’ (१८७१) ने इतिहास आणला. पुढे हरिभाऊंनी ‘पण लक्ष्यात कोण घेतो?’मध्ये विधवेची कहाणी आणि ‘उषःकाल’मध्ये शिवकाल अशी दोन स्वतंत्र दालने उभारली.

दृष्टिकोणात मात्र मूलभूत भेद आहे. ‘तारा’त वाचकाची सहानुभूती प्रामुख्याने अफझलखानाच्या कुटुंबाकडे झुकते. शिवाजी तेथे चतुर, धाडसी, पण दूरस्थ राहतो आणि मराठ्यांचा उदय पलीकडच्या तीरावरून दिसतो. ‘उषःकाल’ (१८९५-९७) मध्ये हरिभाऊंनी कथा विजापूरच्या सेवेतील वृद्ध किल्लेदार आणि स्वराज्याकडे ओढला गेलेला त्याचा पुत्र यांच्यातील ताणावर उभी केली. काल्पनिक कुटुंब पुढे आणि ऐतिहासिक पुरुष मागे, ही रचना टेलरच्याच जातीची आहे. पण ज्या घरातून इतिहासाकडे पाहायचे, ते घर हरिभाऊंनी बदलले. विजापुरी सरदाराच्या वाड्याऐवजी मराठा किल्लेदाराच्या वाड्यात निष्ठेचा प्रश्न उभा राहिला आणि तेथे तो अधिक तीव्र झाला. ‘म्हैसूरचा वाघ’ अपुरा टाकल्यानंतर चार-पाच वर्षांनी ‘उषःकाल’ सुरू झाली. टेलरचे कथानक हाती घेऊन हरिभाऊंना पुढे जाता आले नाही. आपल्या वाचकाला आपले वाटेल असे घर शोधल्यावर ते पुढे गेले.

टेलरचे मोजमाप या दोन्ही अंगांनी व्हावयास हवे. सत्ताधाऱ्यांच्या बाजूचा अधिकारी म्हणून त्याला जे दिसले नाही ते मराठी कादंबरीने दाखविले. पण जबानी, जमाबंदी आणि जिल्ह्याचा दैनंदिन कारभार यांतून मराठी मुलखाच्या इतिहासाला कादंबरीचे रूप देता येते, हे त्याने मराठी लेखकांच्या आधी दाखविले होते. तुळजापूर, नळदुर्ग आणि बुलढाणा या तीन ठिकाणांची नावे त्यामुळे ऐतिहासिक कादंबरीच्या पूर्वपीठिकेत घेतली गेली पाहिजेत.